हस्ताचा पाऊस, भोरड्यांचे थवे

दरवर्षी २७ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि श्रीगोंदा तालुक्यातला शेतकरी पुन्हा आभाळाकडे बघू लागतो. पुण्या-मुंबईत तोवर पावसाचा कंटाळा आलेला असतो. इथं मात्र वर्षाचा भरवशाचा पाऊस अजून यायचा असतो. सह्याद्रीच्या पाठीमागे पडलेला हा मुलूख. जून-जुलैत वारा सुटतो, ढग डोक्यावरून पळतात, चार शिंतोडे पडतात आणि ढग पुढे मराठवाड्याकडे निघून जातात. परतीच्या वाटेवर मोसमी वारे जे टाकून जातील ते खरं. हत्ती, म्हणजे हस्ताचा पाऊस, बरसला की वाफसा बघायचा आणि ज्वारी पेरायची, हा इथल्या रब्बीचा जुना क्रम. याच दिवसांच्या आगेमागे घराघरांत घट बसतात, पत्रावळीवरच्या काळ्या मातीतून धान्याचे पिवळे कोंब वर येतात आणि मुली मधोमध हत्ती मांडून त्याच्याभोवती फेर धरतात.

काष्टी हे या तालुक्यातलं मोठं बाजाराचं गाव. दौंडहून नगरकडे निघालं की भीमा ओलांडल्यावर थोड्याच वेळात लागतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण या रस्त्यावर माणसं अजून ‘नगरला’च जातात. १८७८ साली सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग गावावरून जातो. एका अंगाला घोड नदी, पुढे भीमेला मिळणारी. मधे कालव्याचं पाणी, त्यावर पोसलेला ऊस आणि लिंबाच्या बागा. पाणी पोचत नाही तिथं मुरमाड माळ. ऋतू पालटल्याची खूण या तिन्ही ठिकाणी वेगवेगळी दिसते, आणि तिन्ही ठिकाणी ती वेगाने बदलतेही आहे.

झाडाच्या पानांवर मात्र ती शोधायला जाऊ नये. थंड देशांत शरदात अख्ख्या टेकड्या लाल-पिवळ्या होतात. इथल्या कडुलिंबाला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याची पानगळ होळीच्या आगेमागे. बाभूळ तर याच दिवसांत पिवळ्या गोंड्यांनी लदबदून जाते. बांधावरचा तरवड फुलतो. माळावरचं कुसळी गवत बघता बघता हिरव्याचं सोनेरी होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायजम्याला कुसळं टोचू लागतात. पहाटे पिकावर दव, दुपारी डोकं फिरवणारं ऊन. आणि मोकळ्या जागेवर, पुरुषभर उंचीवर, चतुरांचे थवेच्या थवे.

या चतुरांकडे कुणी फारसं बघत नाही. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात आणि सोडून देतात. पण पावसाच्या डबक्यांत वाढलेला, बोटाएवढा, पिवळसर-तांबूस अंगाचा हा जीव साधा नाही. ‘पॅन्टाला फ्लॅवेसेन्स’ हे त्याचं शास्त्रीय नाव. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने बघितलं, की त्या बेटांवर गोडं पाणी जवळपास नसताना दर ऑक्टोबरात हे चतुर लाखोंनी उगवतात आणि नाहीसे होतात. हे चतुर भारतातून निघून, वाऱ्याच्या पाठीवर बसून, समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असं अनुमान त्याने २००९ साली मांडलं. त्याच सुमाराला, त्याच दिशेने अमूर ससाणे निघतात. ईशान्य आशियातला हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा ससाणा नागालँड-मणिपुरात थांबा घेतो आणि मग भारताचं द्वीपकल्प व अरबी समुद्र पार करून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. वाटेत समुद्रावर शिदोरी म्हणून तो हेच चतुर खात असावा, असाही अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे बाजारतळावर पोरांच्या डोक्यावरून भिरभिरणाऱ्या त्या थव्यातला एखादा पुढे सोमालियाच्या किनाऱ्याला लागणारा असू शकतो, किंवा ससाण्याच्या पोटात तरी.

बाजारतळ म्हटलं की काष्टीचा शनिवार. जनावरांच्या या बाजाराचं नाव जिल्ह्याबाहेरही आहे. खिलार बैल, म्हशी, जर्सी गाई, टेम्पो, दलाल, रुमालाखाली बोटं धरून ठरणारे भाव. इथं येणारा गायबगळा हा ऋतू सांगणारा सगळ्यात बिनचूक पक्षी आहे, फक्त तो इतका रोजचा आहे की त्याला विचारत कुणी नाही. पावसाळाभर त्याच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर भगवी झाक असते. तो विणीचा पोशाख. ऑक्टोबर लागतो तसा हा रंग उतरत जातो आणि दिवाळीपर्यंत बगळा पुन्हा पांढराफेक होतो. तो कुठं दूर जात नाही, कुठून येत नाही. स्थलांतराच्या गोष्टींत त्याला जागा नाही. पण कॅलेंडर न बघता महिना ओळखायचा असेल तर बैलाच्या पायाशी उभा असलेला हा पक्षी पुरतो.

त्याच्याच शेजारी, गुरांच्या खुरांनी उडणाऱ्या माश्या टिपत धावणारे धोबी मात्र लांबून आलेले असतात. परीट म्हणा, धोबी म्हणा. चिमणीपेक्षा सडपातळ, शेपटी सतत वरखाली आपटणारा. पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी नदीकाठी बारमाही असतो, त्याची गोष्ट वेगळी. करडा धोबी ऑगस्टअखेरपासूनच दिसू लागतो, पाठोपाठ पिवळा आणि पांढरा. पांढऱ्यातही कुणी हिमालयाच्या खोऱ्यांत अंडी घालून आलेला, कुणी तिएनशान पर्वताच्या पायथ्याचा, कुणी सायबेरियातला. चेहऱ्यावरच्या काळ्या-पांढऱ्या ठेवणीवरून जाणकार त्यांची घराणी ओळखतात. पंचवीस ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा हा ऐवज हजारो किलोमीटर उडून येऊन काष्टीच्या शेणामातीत निर्धास्त चरतो.

संस्कृत कवींना हा पक्षी खंजन म्हणून ठाऊक होता आणि शरद ऋतू त्याच्याशिवाय पुरा होत नसे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त खंजनाच्या दर्शनावर अख्खा अध्याय खर्ची घातला आहे. वर्षातला पहिला खंजन कुठं बसलेला दिसला त्यावरून शुभ-अशुभ काय ते सांगणारा. शकुनाचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. पंधराशे वर्षांपूर्वी या देशात माणसं खंजनाच्या पहिल्या दर्शनाची वाट बघत होती आणि ते लक्षात ठेवत होती. आधुनिक काळात हेच काम २००७ साली बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमाने सुरू केलं. लोकांनी आपापल्या गावात हिवाळी पक्षी पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख कळवायची, बस्स. सुरुवातीला मोजक्या नऊच जाती घेतल्या होत्या. वराहमिहिराला हा उपक्रम समजावून सांगायला वेळ लागला नसता.

पक्ष्यांना निघायची वेळ कशी कळते, याचं उत्तर बऱ्याच अंशी उजेडात आहे. काष्टी साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर. इथं सप्टेंबरअखेरीला दिवस रोज जेमतेम मिनिटभर आखडतो. अंगणात बसणाऱ्या माणसाला पत्ताही लागत नाही. कझाकस्तानच्या उत्तर भागात, पन्नास अंशांवर, तोच दिवस रोज साडेतीन मिनिटांहून जास्त कमी होत असतो. आठवड्यात जवळजवळ अर्धा तास. तिथल्या पक्ष्याच्या शरीराला हा इशारा पुरतो. तो भराभर खाऊन चरबी साठवू लागतो, आणि पिंजऱ्यात ठेवलेला असला तरी रात्री अस्वस्थ होऊन नेमक्या जायच्या दिशेला फडफडू लागतो. वाट तो सूर्यावरून, ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून शोधतो. स्टीफन एम्लेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात पक्षी तारांगणात ठेवून खोटं आकाश फिरवलं, तर पक्ष्यांनी त्या खोट्या आकाशाबरोबर आपली दिशाही फिरवली. तेव्हा काष्टीचा शरद सुरू होतो तो काष्टीत नाही. तो ऑगस्टातच कुठंतरी उत्तरेच्या गवताळ पठारावर सुरू झालेला असतो. इथं येऊन पोचते ती त्याची वर्दी.

आणि ही वर्दी सगळ्यांत मोठ्याने देतात त्या भोरड्या.

भोरडी म्हणजे गुलाबी मैना. पाठ-पोट गुलाबी, डोकं, पंख आणि शेपटी काळी, डोक्यावर मागे पडलेला तुरा. पहिल्यांदा येणारी पोरं मात्र नुसतीच मातकट. आग्नेय युरोपच्या कडेपासून मध्य आशियापर्यंतच्या कोरड्या गवताळ प्रदेशात यांची वीण होते, आणि तीही नाकतोड्यांच्या भरवशावर. नाकतोडे उदंड असतील तिथं हजारोंनी वसाहत करायची, पिल्लं उडाली की लगेच गाशा गुंडाळायचा. म्हणून हिवाळी पाहुण्यांत भोरड्या फार लवकर येतात. जुलै संपता संपता पश्चिम भारतात पहिले थवे उतरतात, आणि जातात थेट एप्रिलात. वर्षातले आठेक महिने जो पक्षी भारतात काढतो त्याला परदेशी म्हणावं का, हा प्रश्न आहे. अंडी तिकडे घालतो एवढंच.

काष्टीकडच्या शेतकऱ्याने त्याला कधी पाहुणा मानलं नाही. आधी बाजरीची कणसं, मग पौषात हुरड्यावर आलेली ज्वारी. भोरड्यांचा थवा पिकावर उतरला की दाण्यात दूध भरलेली कणसं घटकाभरात रिकामी. त्यामुळे रानात चार मेढी रोवून माळा बांधायचा, पहाटे अंधारात त्यावर चढायचं आणि ऊन चढेपर्यंत गोफण फिरवत, हाळ्या देत उभं राहायचं, हे काम ठरलेलं. घरातली म्हातारी, शाळा बुडवणारी पोरं, कुणी ना कुणी माळ्यावर. गोफणीचा दगड सुटला की थवा एका अंगावर उठतो, हवेत एकजीव होऊन वळतो, दाटतो, पातळ होतो आणि शेजारच्या रानात उतरतो. मग शेजारची गोफण. शहरातली माणसं आज संध्याकाळचे हे थवे बघायला मोबाइल घेऊन उभी राहतात. माळ्यावरच्या पोराला त्यातलं सौंदर्य दिसत नसे असं नाही. त्याला त्याची किंमत पायलीत माहीत होती.

इथं एक गंमत सांगायलाच हवी. ज्या पक्ष्याला आपण दगड मारून हाकलतो, त्याच्यासाठी चीनच्या शिनजियांग प्रांतात माणसं दगड रचतात. तिथल्या कुरणांवर टोळ आणि नाकतोड्यांचा उच्छाद. औषधं फवारून भागेना. तेव्हा १९८०च्या दशकापासून दगडांच्या मोठमोठ्या राशी उभारून भोरड्यांना घरट्यांसाठी कपारी करून दिल्या, आणि पक्ष्यांनी नाकतोड्यांचा समाचार घेतला. २०१८ साली तिथं एका महामार्गाच्या बांधकामाच्या जागेवर भोरड्यांनी घरटी केली, तर पिल्लं उडेपर्यंत काम थांबवलं. एकच पक्षी, उन्हाळ्यात तिकडे शेतकऱ्याचा गडी, हिवाळ्यात इकडे शेतकऱ्याचा वैरी. आपल्याकडेही तो नाकतोडे आणि अळ्या खातोच, शिवाय फाल्गुनात पळस-सावरीच्या फुलांत तोंड घालून परागकण इकडचे तिकडे करतो, पण ज्वारीपुढे ते पुण्य कुणी मोजत नाही.

आता मात्र हे भांडणच मिटत चाललं आहे, कारण भांडायला ज्वारी उरलेली नाही. म्हणजे आहे, पण पूर्वी नजर जाईल तिथं असायची तशी नाही. कुकडी आणि घोडच्या कालव्यांनी श्रीगोंद्याच्या मोठ्या भागात पाणी आणलं आणि पाण्याबरोबर ऊस आला. ऊस पाखरं खात नाहीत, त्याला माळा लागत नाही, गोफण लागत नाही. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, राखायला त्याहून मिळत नाही. एकट्यादुकट्याने पेरली तर पंचक्रोशीतल्या सगळ्या भोरड्या त्याच एका तुकड्यावर. शेजाऱ्याने पेरली तरच आपली परवडते असं हे पीक आहे, आणि शेजाऱ्याने ऊस लावला. २०२३ हे साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, त्यावर्षी शहरात ज्वारी गव्हापेक्षा महाग विकली गेली. तरी ज्वारीचं रान वाढलं नाही.

पण उसाने पाखरांना नुसतं बेघर केलं, असं लिहिलं तर तो हिशेब अर्धा होईल. दिवसभर गावाच्या विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या भिंगऱ्या आणि गुरांमागे धावणारे धोबी रात्रीच्या मुक्कामाला दाट, उंच, पाण्याजवळचं काहीतरी शोधतात. पूर्वी ते पाणकणसांत, लव्हाळ्यांत शिरत. आता ऊस त्यांची ती गरज भागवतो. सूर्य मावळताना उसाच्या फडावर शेकड्यांनी भिंगऱ्या घिरट्या घालतात आणि एकदम पात्यांत गडप होतात. 

ऊस आणखी एक स्थलांतर घेऊन आला, आणि त्याची वेळ नेमकी पक्ष्यांचीच. दसरा झाला की बीड, आष्टी, पाथर्डी, शेवगावकडून कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, निघतात. ट्रॅक्टरवर संसार, वर पोरं, मागे टायरगाडी. पक्ष्याला निघायची वेळ उजेड सांगतो. कोयत्याला ती मुंबईत मंत्र्यांची समिती सांगते. २०२३च्या गाळप हंगामाला १ नोव्हेंबरची तारीख होती, २०२४ला १५ नोव्हेंबरची. फडाजवळ पालं पडतात आणि पुढचे पाच-सहा महिने तेच गाव.

जाणारेही आहेत. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांचे धनगर दिवाळीच्या आगेमागे मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात भात काढलेल्या खाचरांत वाडे मांडतात. पावसाच्या आधी पुन्हा वर. चातक, जूनमध्ये आफ्रिकेहून वाऱ्याबरोबर आलेला, ऑक्टोबरपर्यंत परत फिरतो. सातभाईच्या घरट्यात टाकलेली त्याची पोरं आईबाप न बघताच मागोमाग समुद्र ओलांडतात. पावशाचं ओरडणं कधी थांबलं हे कुणाच्याच लक्षात येत नाही. आवाज सुरू झाल्याची तारीख माणूस सांगू शकतो, थांबल्याची नाही.

वर्तमानपत्रांत मात्र या दिवसांत एकच बातमी असते: भिगवणला परदेशी पाहुण्यांचं आगमन. काष्टीहून भीमेच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं, पेडगावचा बहादूरगड मागे टाकला, की उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी पसरत जातं. त्याच्या काठाला भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव. कुंभारगावच्या मासेमारांनी आपल्या होड्या पर्यटकांसाठी लावल्या, पक्ष्यांची नावं पाठ केली, इंग्रजीसुद्धा, आणि हिवाळ्यात चुलीवरच्या माशांच्या जेवणासकट हा चांगला धंदा झाला आहे. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. खोट बातमीत असते. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दरवर्षी न चुकता ‘सायबेरियाहून’ येतात. सायबेरियात फ्लेमिंगो काय करणार! भारतातली त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. उजनीवरचे रोहित बहुतेक तिकडूनच येत असावेत. सायबेरिया, मध्य आशिया, मंगोलिया हे खरं असतं ते तलवार बदकांच्या, थापट्यांच्या, तुतवारांच्या बाबतीत.

आणि पट्टकादंबांच्या. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेट, लडाखच्या तलावांवर वाढतो आणि हिमालय ओलांडून दक्षिणेत उतरतो. पाठीवर यंत्र बांधून केलेल्या अभ्यासात एका पट्टकादंबाची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झाली. शास्त्रज्ञांना जास्त नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तो उगीच उंच जात नाही. डोंगर आला की चढतो, दरी आली की उतरतो, जमिनीला धरून राहतो, कारण खालची दाट हवा पंखांना सोपी पडते. पावसाळ्यात मानसरोवराकडे निघणारे कालिदासाच्या मेघदूतातले हंस कल्पनेतले मानले जातात. पण पट्टकादंबाची वाट नकाशावर काढली तर कवीने भूगोल कुणाला तरी नीट विचारून घेतला होता असं वाटतं.

उजनीबद्दल एक गोष्ट सहसा विसरली जाते. हे पाणी १९८०चं आहे. धरण पुरं झालं, भीमेकाठची गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं, आणि त्या पाण्यावर हे पक्षी जमले. आज ज्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात तो तलाव दौंड-मनमाड लोहमार्गापेक्षा शंभर वर्षांनी लहान आहे. पक्ष्यांचं वेळापत्रकही इथं ऋतूपेक्षा पाटबंधारे खात्याच्या हातात जास्त आहे. ऑक्टोबरात बदकं येतात तेव्हा पुण्याकडच्या धरणांतून सुटलेल्या पाण्याने उजनी काठोकाठ असते. खोल पाण्यात चिखल तुडवणाऱ्या पक्ष्यांना उभं राहायला जागा नसते. कालव्याची आवर्तनं सुटू लागली, पाणी उतरलं, गाळाची बेटं उघडी पडली, की मालगुजे आणि रोहित काठावर येतात. त्यामुळे रोहित बघायला दिवाळीच्या सुट्टीत आलेली मंडळी बऱ्याचदा भरल्या तलावाचे फोटो काढून परत जातात. २०२४च्या उन्हाळ्यात तर साठा उणे पातळीत खोल गेला आणि पळसदेवचं देऊळ पुरतं उघडं पडलं.

त्यापेक्षा जुनं जे होतं, ते माळावर होतं. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्यात सोलापूरबरोबर नगर जिल्ह्यातले कर्जत आणि श्रीगोंद्याचे भागही घातले होते. सगळं मिळून जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर. इतकी गावं, शेतं आणि रस्ते एका रेघेत बांधल्यावर जे व्हायचं तेच झालं. लोकांना जमिनीचे व्यवहार अवघड झाले, माळढोक लोकांच्या रागाचा धनी झाला, आणि पुढे ते क्षेत्र कापून सव्वाबाराशेच्या आसपास आणलं. माळढोक आता इथं नाही. पण माळ आहे, आणि ऑक्टोबरात त्यावर भोवत्ये येतात. मध्य आशियाच्या गवताळ पठारांवरून आलेले हे लांब पंखांचे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत उडतात, नाकतोडे आणि उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर न जाता गवतातच जमिनीवर बसतात. आपल्या सरकारी दप्तरात अशा जमिनीला पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की कुणीतरी तिथं खड्डे काढून रोपं लावतं, किंवा सौर पत्रे उभारतं, दोन्ही पर्यावरणाच्याच नावाने. झाड लावणं वाईट कसं असेल, असं विचारणाऱ्याला रेहेकुरीच्या काळविटांकडे न्यावं. कर्जत तालुक्यातलं ते अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे, आणि तिथल्या काळविटाला हवं असतं ते मोकळं गवत.

राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळांतून भाषणं होतात, पोस्टरं रंगतात, बहुतेकांवर फ्लेमिंगो असतो. त्या आठवड्यात काष्टीच्या आसपास शेतात ज्वारी गुडघ्याला लागलेली असते, विहिरीच्या कठड्यावर थिरथिरा शेपटी थरथरवत असतो, बोरीच्या फांदीवर गप्पीदास. शाळेच्या कुंपणापलीकडे एवढं दिसतं, दुर्बीण नसली तरी.

ज्वारी पेरणारे जे थोडे राहिलेत त्यांचा हिशेब दाण्याचा नाहीच. दावणीला गाई-म्हशी आहेत, आणि वैरणीत कडब्याला तोड नाही. म्हणून ऊस आणि घासाच्या कडेला वीस-पंचवीस गुंठे मालदांडी ज्वारी टाकायची. माळा बांधायचा नाही. फार तर कणसांवर चमकीच्या पट्ट्या ओढायच्या आणि भोरड्यांनी काय खायचं ते खाऊ द्यायचं. दाणा घरच्या भाकरीपुरता आला तरी चालतो, ताटं तर पाखरं नेत नाहीत. फेब्रुवारीत ज्वारी उपटून पेंढ्या बांधल्या जातात, कडबा शेकड्याच्या भावाने ठरतो, गंजी रचली जाते. भोरड्या तेव्हा पळसावर गेलेल्या असतात, त्यांना निघायला अजून दोनेक महिने असतात, आणि कडब्याचा भाव यंदा किती चढला यावर गोठ्यात चर्चा चालू असते.